ट्वायलाइट स्ट्रगल: पटावर मांडावा की पडद्यावर?

शीतयुद्धावरचा हा दोघांचा पत्त्यांचा खेळ 2005 साली जीएमटी गेम्सने काढला. रचना आनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांची. प्लेडेकची डिजिटल आवृत्ती 2016 साली आली. एकाने अमेरिका घ्यायची, दुसऱ्याने सोव्हिएत संघ, आणि जास्तीत जास्त 10 फेऱ्या खेळायच्या. नियम दोन्हीकडे तेच. खरा फरक हिशेबाचा आहे: पटावर तो तुम्हाला ठेवावा लागतो, ॲपमध्ये ॲपच ठेवते. तुलना करायची ती इथे. चित्रे, आवाज हे नंतरचे.

त्यासाठी पूर्ण डाव लागत नाही. पटावर तो अडीच-तीन तास घेतो, नवख्यांना त्याहून जास्त. दोन्हीकडे फक्त पहिल्या 3 फेऱ्या खेळा. तेवढ्यात सगळे गुणदोष दिसतात.

पटाची मांडणी अशी. आधी रशियाचा प्रभाव (देशांवर ठेवायच्या सोंगट्यांचे आकडे): सीरिया 1, इराक 1, उत्तर कोरिया 3, पूर्व जर्मनी 3, फिनलंड 1, आणि पूर्व युरोपात मर्जीने 6. मग अमेरिकेचा: कॅनडा 2, इराण 1, इस्रायल 1, जपान 1, ऑस्ट्रेलिया 4, फिलिपिन्स 1, दक्षिण कोरिया 1, पनामा 1, दक्षिण आफ्रिका 1, ब्रिटन 5, आणि पश्चिम युरोपात मर्जीने 7. बेरीज अनुक्रमे 15 आणि 25 यायला हवी. अर्ली वॉरचे (सुरुवातीच्या काळाचे) पत्ते पिसून प्रत्येकी 8 वाटा. चीनचा पत्ता रशियाकडे, उघडा. तो या आठांत धरायचा नाही. ॲपमध्ये हे सगळे आपोआप होते आणि तुम्हाला फक्त मर्जीचा प्रभाव टाकायचा असतो.

आता एक खेळी जवळून पाहू. रशिया 4 ऑप्सचा (ऑप्स म्हणजे पत्त्यावरचा बळाचा आकडा) पत्ता टाकून इराणमध्ये उठाव करतो. इराणची स्थिरता (पटावर देशापाशी छापलेला आकडा) 2, म्हणजे दुप्पट 4. फाशावर 4 पडले. 4 अधिक 4 वजा 4, उरले 4. त्यातल्या एकाने अमेरिकेचा प्रभाव काढायचा, उरलेल्या 3 ने रशियाचा ठेवायचा. इथपर्यंत सगळ्यांना जमते. विसरतात ते पुढचे: लष्करी कारवाईची सोंगटी 4 वर न्यायची, इराण कळीचा देश असल्यामुळे डेफकॉन (अणुयुद्धाच्या धोक्याची पातळी; 5 शांतता, 1 अणुयुद्ध) 5 वरून 4 वर आणायचा, आणि रशियाची सोंगटी ताब्याच्या बाजूने उलटायची. डेफकॉन 4 झाला की युरोपात उठाव बंद. 3 ला आशिया, 2 ला मध्यपूर्व. पटावर ही सोंगटी हलवायची राहिली, तर दोन खेळ्यांनंतर कोणीतरी युरोपात बेकायदा उठाव करून मोकळा होतो आणि मागे जाऊन दुरुस्ती करणे अशक्य होते. ॲपमध्ये अशी चूक करताच येत नाही.

उपाय सोपा आहे. ज्याची पाळी नाही, त्याने डेफकॉन आणि लष्करी कारवाईच्या सोंगट्या हलवायच्या. फेरी संपताना डेफकॉनच्या आकड्याइतकी कारवाई झाली नसेल, तर जितकी कमी तितके गुण समोरच्याला. नव्या फेरीच्या आरंभी डेफकॉन एकाने वर. हा शेवटचा नियम नवख्यांकडून हमखास सुटतो.

दुसरी खोच पत्ते पिसण्याची. गड्डी साधारण तिसऱ्या फेरीच्या वाटपात संपते. आधी उरलेले पत्ते वाटून टाकायचे, मगच टाकलेले पत्ते पिसून पुढचे वाटप. चौथ्या फेरीला मिड वॉरचे (मधल्या काळाचे) पत्ते येतात, ते उरलेल्या गड्डीत मिसळायचे; टाकलेल्या पत्त्यांना हात लावायचा नाही. तेही एकत्र पिसले, तर आठवून ठेवलेली सगळी पत्तेमोजणी वाया. याच फेरीपासून हातात 9 पत्ते. तारांकित पत्त्याची घटना (त्यावर छापलेला परिणाम) घडली, तर तो खेळातून बाद. ‘भारत-पाकिस्तान युद्ध’ या पत्त्यावर तारा नाही, म्हणून तो फिरून फिरून येतो. त्याच्या फाशातून, ज्या देशावर चढाई आहे त्याच्या शेजारचा शत्रूच्या ताब्यातला प्रत्येक देश 1 वजा करतो. रशियाने पाकिस्तानवर चढाई निवडली आणि इराण अमेरिकेकडे असला, तर 4 पडूनही 3 च धरायचे, आणि जिंकायला 4 लागतात. पटावर ही वजाबाकी हमखास राहून जाते.

ॲप नियम पाळायला लावते, शहाणपण शिकवत नाही. डेफकॉन 2 असताना रशियाने ‘डक अँड कव्हर’ हा अमेरिकेचा पत्ता ऑप्ससाठी टाकला, तरी त्यावरची घटना घडून डेफकॉन 1 होतो, आणि पाळी रशियाची असल्याने रशियाच हरतो. पटावर पत्ता खाली ठेवण्याआधी समोरच्याचा चेहरा पाहून माणूस थबकतो. पडद्यावर बोट चालते. असे पत्ते अवकाश शर्यतीत (पटावरच्या वेगळ्या पट्टीवर) खपवायची सवय लावा. तिथे घटना घडत नाही.

ॲपचा दुसरा तोटा असा की आकडे आयते बदलत असल्याने ताबा कसा ठरतो हे डोक्यात बसत नाही. (समोरच्याच्या प्रभावापेक्षा निदान स्थिरतेइतके जास्त, एवढेच ते गणित.) फोनवर नकाशा सारखा मोठा-लहान करावा लागतो, टॅबलेटवर बरे. संगणकाविरुद्ध सरावाला ठीक. पाच-सहा डावांत तो कंटाळवाणा होतो. मात्र पुण्यातला मामा आणि न्यू जर्सीतला भाचा यांना सवडीने एकेक खेळी करायची असेल, तर ॲपला पर्याय नाही.

आमचा क्रम असा: आधी पटावर 3 फेऱ्या, दोघांचे पत्ते उघडे ठेवून. मग ॲपवर चार-पाच पूर्ण डाव. मग पुन्हा पट. जोडीत एक जण मुरलेला असेल, तर नवख्याला रशिया द्या, किंवा तो अमेरिका घेणार असेल, तर मांडणीतच 2 प्रभाव जादा.

पेटी परदेशातून मागवायची असेल, तर किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच ॲपशी तुलना करा. डीलक्स आवृत्तीत 110 पत्ते आहेत, म्हणून 63.5 × 88 मिलिमीटरची पारदर्शक पाकिटे निदान 120 घ्या. पावसाळ्यात दमट हवेने पत्ते वाकतात, आणि वाकलेला पत्ता गड्डीत पाठीवरून ओळखू येतो. पाकिटे घालायची तर सगळ्यांना एकदमच घाला. अर्ध्यांना घातली तर पिसताना गड्डी दुभंगते.