अकरा टक्के लिहिलंय, हाती किती? बाँडचं यील्ड असं तपासा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शेजारचे काका परवा मोबाइल पुढे करून म्हणाले, “बघ रे, अकरा टक्के! बँक सात द्यायलासुद्धा कुरकुरते.”

“काका, किंमत किती लावलीये?”

“शंभरच असणार की.”

शंभर नव्हती. खाली बारीक अक्षरांत १०३ होती.

एफडीची सवय असलेला माणूस इथेच फसतो. एफडीत लाख भरले की लाखावर व्याज आणि शेवटी लाख परत, त्यामुळे व्याजदर तोच परतावा. बाँड, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचा रोखा, मात्र बाजारभावाने मिळतो. कूपन, म्हणजे ठरलेलं व्याज, सगळ्यांना सारखंच. पण घेताना ज्याने जास्त मोजले त्याचं यील्ड, म्हणजे मोजलेल्या पैशांवरचा खरा परतावा, कमी.

१. आधी चार आकडे मिळवा

दर्शनी किंमत (ज्यावर व्याज मिळतं आणि जी शेवटी परत मिळते ती रक्कम), कूपन, आजचा भाव आणि मुदतपूर्तीची तारीख. सरकारी रोख्याच्या नावातच अर्धी माहिती असते. ‘७.१८% जीएस २०३३’ म्हणजे शंभर रुपयांच्या दर्शनी किमतीवर वर्षाला ७ रुपये १८ पैसे, तेही सहामाही दोन हप्त्यांत, आणि २०३३ मध्ये शंभर परत. कंपनीचा बाँड असेल तर व्याज कधी मिळणार आणि मुदतीआधी पैसे परत करण्याचा हक्क, म्हणजे ‘कॉल’, कंपनीकडे आहे का, हेही विचारून घ्या.

२. यील्ड स्वतः काढा

काकांचाच बाँड घेऊ. कूपन ११ टक्के, व्याज वर्षाला एकदा, मुदत उरली दोन वर्षं, भाव १०३. लाखाच्या दर्शनी किमतीसाठी खिशातून जाणार १,०३,०००. येणार ११,००० दोनदा आणि शेवटी १,००,०००. म्हणजे नफा २२,००० नाही, १९,०००. वरचे तीन हजार परत मिळत नाहीत.

आता साधं सूत्र. भावातली तूट किंवा वाढ उरलेल्या वर्षांवर वाटा: ३ भागिले २ म्हणजे दीड रुपया. तो कूपनमधून वजा करा: ११ उणे १.५ म्हणजे साडेनऊ. याला भाव आणि दर्शनी किंमत यांच्या सरासरीने, म्हणजे १०१.५ ने भागा. उत्तर ९.३६ टक्के. काटेकोर गणित ९.३ च्या आसपास येतं. यालाच मुदतपूर्तीपर्यंतचं यील्ड, वायटीएम, म्हणतात. भाव शंभरच्या खाली असेल तर तोच भाग वजा करण्याऐवजी मिळवायचा. एक्सेलमध्ये ‘यील्ड’ नावाचं फंक्शन आहे, पण पहिल्या वेळी कागद-पेन्सिलच बरी.

विकणारा कधीकधी ‘करंट यील्ड’ दाखवतो: ११ भागिले १०३, म्हणजे १०.६८. तो आकडा खोटा नाही, पण बुडणारे तीन रुपये त्यात धरलेले नसतात. त्यामुळे “वायटीएम किती?” एवढंच विचारायचं. कॉल असेल तर कॉलच्या तारखेपर्यंतचं यील्डही विचारा आणि दोन्हींतलं कमी ते खरं माना.

महिन्याला व्याज देणाऱ्या बाँडमध्ये आणखी एक मेख असते. वर्षाचे साडेनऊ टक्के दरमहा हप्त्यांत मिळून त्यावर पुन्हा व्याज धरलं की ९.९२ होतात, आणि छापला जातो मोठा आकडा. तुलना करताना दोन्हीकडे एकच पद्धत लावा.

३. साठलेलं व्याज वेगळं धरा

मागच्या हप्त्यानंतर जमलेलं व्याज विकणाऱ्याचं असतं. ते तुम्ही आधी देता आणि पुढच्या हप्त्यात वसूल होतं. बिल भावापेक्षा जास्त दिसलं म्हणून दचकू नका.

४. दर हलले तर काय होईल ते पाहा

बाजारातले दर वाढले की जुन्या, कमी कूपनच्या बाँडचा भाव पडतो. किती पडेल हे मुदतीवर ठरतं. ७ टक्के कूपनचे, सहामाही व्याजाचे तीन सरकारी बाँड शंभरला घेतले आणि यील्ड ८ झालं, तर दोन वर्षांचा भाव ९८.२ होतो, दहा वर्षांचा ९३.२ आणि तीस वर्षांचा ८८.७. सरकारी आहे म्हणून पैसे बुडणार नाहीत, हे खरं. पण मुलीच्या लग्नासाठी मध्येच विकावा लागला तर ही घट तुमच्याच माथी. मुदतीपर्यंत ठेवणार असाल, तर ही घसरण फक्त स्टेटमेंटमध्ये दिसेल.

५. जास्तीचे टक्के कशाचे, ते विचारा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. तितक्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचं यील्ड बघा. समजा ते ६ आहे. मग काकांच्या बाँडमधले वरचे ३.३ टक्के कंपनी प्रेमापोटी देत नाही. पैसे अडकण्याच्या किंवा बुडण्याच्या जोखमीचे देते. पत मानांकन, म्हणजे कंपनी पैसे फेडेल का याला मिळालेली श्रेणी, जरूर पाहा, पण त्यावरच विसंबू नका. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीचं मानांकन काही आठवड्यांत सर्वोच्च ‘ट्रिपल ए’वरून ‘डी’पर्यंत, म्हणजे थकबाकीदारापर्यंत, घसरलं. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ बाँड (बँक अडचणीत आली तर रद्द होऊ शकणारे) शून्यावर आणले गेले, तेव्हा बँकेतल्या ठेवी शाबूत होत्या. बँक तीच, पण कागद वेगळा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. बाँडला ते नाही.

६. कर वजा करा

व्याज तुमच्या स्लॅबप्रमाणे करपात्र. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह ३१.२ टक्के जातात. काकांच्या ११,००० चे राहतात ७,५६८. वरचे तीन हजार भांडवली तोटा म्हणून व्याजातून वजा करता येत नाहीत. पुन्हा तेच सूत्र लावा: करानंतरचं यील्ड सहाच्या आसपास येतं. सकाळचे अकरा संध्याकाळपर्यंत सहा!

७. घ्यायचं कुठे, विकायचं कसं

सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ या ऑनलाइन पोर्टलवर, नोव्हेंबर २०२१ पासून, किमान दहा हजारांपासून मिळतात. खातं मोफत आहे आणि ऑनलाइन उघडतं. बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेत खेटे घालायची गरज नाही. कंपनीचे बाँड डीमॅटमध्ये येतात, पण घेण्याआधी त्या बाँडचे मागच्या महिन्याभरातले सौदे एक्स्चेंजच्या साइटवर बघा. सौदेच नसतील, तर विकायच्या दिवशी गिऱ्हाईक मिळेल आणि तेही रास्त भावात, असं गृहीत धरू नका. अशा बाँडमध्ये मुदतीपर्यंत लागणार नाहीत तेवढेच पैसे घाला.