पासवर्ड बदलूनही वायफायवर अनोळखी उपकरण? डब्ल्यूपीएस बघा

मालवणातलं आमचं घर. फोन तीन, पण राउटरच्या यादीत उपकरणं चार. दोनदा पासवर्ड बदलला, वायफायचं नावही लपवलं. आठवड्याभरात चौथं परत हजर. जीव मेटाकुटीला आला.

वाट डब्ल्यूपीएसची होती, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडायची राउटरमधली सोय. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. पिन हाती असला की नवा पासवर्डही कळतो!

क्रम असा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (माझा १९२.१६८.१.१, खालच्या स्टिकरवर होता). आधी ॲडमिनचा, म्हणजे राउटरच्या सेटिंग्ज उघडायचा, पासवर्ड बदला. मग फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट. त्यानंतर वायरलेसमध्ये डब्ल्यूपीएस बंद, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२-एईएस (वायफाय सुरक्षित ठेवायची पद्धत). वायफायचा पासवर्ड सगळ्यात शेवटी. आधी बदललात तर फुकट. राउटर रीस्टार्ट करून डब्ल्यूपीएस बंदच आहे ना, पुन्हा बघा.

महिना झाला, यादीत तीनच.