पांढरकवड्याहून पुदुच्चेरी: चूल सोबत घेऊन सहकुटुंब प्रवासाची आखणी

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर (पांढरकवडा), झरी-जामणी किंवा वणी तालुक्यातील एकत्र कुटुंबाला आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना घेऊन दक्षिणेचा समुद्र पाहायचा असेल, तर पुदुच्चेरी दोन कारणांनी सोयीचे ठरते. राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरूनच जात असल्यामुळे नागपूरला उलटे जावे लागत नाही, आणि या शहराचा जुना भाग एवढा आटोपशीर आहे की थकलेल्या माणसांनाही तो सावकाश पायी पाहता येतो. एका बाजूचे अंतर अकराशे ते बाराशे किलोमीटर भरते. ते दोन दिवसांत उरकण्याचा मोह अनेकांना होतो. चार दिवस धरावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी काळ ठरवावा. दिवाळीची सुटी मुलांच्या दृष्टीने सोयीची वाटते, परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचा व चक्रीवादळांचा काळ असतो. ३० डिसेंबर २०११ रोजी ‘ठाणे’ हे वादळ कडलूर व पुदुच्चेरीच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले होते, आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ पुदुच्चेरीजवळच जमिनीवर आले. शिवाय त्याच दिवसांत आपल्याकडे कापसाची वेचणी ऐन भरात असते आणि घरातील एकही माणूस मोकळा नसतो. पोंगलची गर्दी ओसरल्यानंतर, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तूर घरी आलेली असते आणि गहू-हरभऱ्याच्या कापणीला थोडा अवकाश असतो. दहावी-बारावीचे मूल घरात असेल तर मात्र तो बेत पुढच्या वर्षावर ढकलावा.

आता गाडीविषयी. झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या कॅरॅव्हॅनसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र पर्यटन धोरण आणले असले, तरी तालुक्याच्या ठिकाणी तशी गाडी भाड्याने मिळेल या भरवशावर बेत आखू नये. व्यवहारात टेम्पो ट्रॅव्हलर हाच पर्याय उरतो. सतरा आसनांच्या गाडीत बारा-तेरा माणसेच न्यावीत, म्हणजे मागच्या आसनांवर वळकट्या, धान्य आणि भांडी राहतात व म्हाताऱ्यांना पाय पसरायला जागा मिळते. आसने काढून गाद्या टाकण्याची सूचना घरातून हमखास येते. ती मानू नये, कारण नोंदणीत दाखविलेल्या रचनेत परस्पर बदल केल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. गाडी पिवळ्या पाटीची असावी. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते हे खरे, परंतु भाडे घेऊन चालविताना ती पकडली गेली तर परमुलखात सगळे कुटुंब रस्त्यावर उभे राहते. अखिल भारतीय पर्यटक परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी व चालकाचा परवाना यांच्या मुदती इसार देण्यापूर्वी स्वतः वाचाव्यात. परवाना अखिल भारतीय नसेल तर प्रत्येक राज्याच्या सीमेवर कराचा वेगळा विषय निघतो.

भाडे ठरविताना केवळ किलोमीटरचा दर विचारून थांबू नये. बहुतेक गाडीमालक दिवसाला ठरावीक किमान किलोमीटर धरून हिशोब करतात, त्यामुळे पुदुच्चेरीत गाडी जागेवर उभी राहिली तरी त्या दिवसांचे पैसे लागतात. उभ्या दिवसांचा दर, चालकाचा भत्ता, त्याच्या मुक्कामाची सोय, टोल आणि पार्किंग यांपैकी काय कोणाकडे, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

चालकाच्या झोपेवर सगळ्या कुटुंबाचा जीव अवलंबून असतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ नुसार सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अपेक्षित होती. रात्रीचा प्रवास टाळून, पहाटे पाचला निघून दुपारी तीन-चारपर्यंत मुक्कामी पोहोचण्याची पद्धत ठेवली की हे सहज पाळले जाते आणि उजेडात स्वयंपाकही होतो.

स्वयंपाक घरचाच असावा. बारा माणसांचे हॉटेलचे बिल दोन्ही वेळेस भरणे परवडत नाही, आणि सलग आठ दिवस इडली-भातावर राहणे आपल्याकडील वडीलधाऱ्यांना जमत नाही. ज्वारीचे पीठ घरूनच न्यावे. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, जवसाची व शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि चिवडा पुरेसा होतो. पुढे पिठले-भाकर, मसालेभात किंवा खिचडी अशी एका भांड्यात होणारी कामे ठेवावीत. भाजी वाटेत मिळते. पाण्याचे वीस लिटरचे कॅन रोज भरून घ्यावेत. पाच किलोचे लहान सिलिंडर न्यायचे असल्यास त्याचा रेग्युलेटर प्रवासात काढून ठेवावा, तोंडावर टोपी बसवावी, सिलिंडर उभे बांधावे, आणि शेगडी गाडीत कधीही पेटवू नये, पाऊस असला तरी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे यात्रेकरूंच्या उभ्या असलेल्या रेल्वे डब्यात सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला होता. बंद जागेतल्या चहापायी एवढी किंमत कोणी मोजू नये. चूल मांडण्यासाठी पेट्रोल पंपाचे आवार टाळावे आणि मुक्कामाच्या धर्मशाळेत किंवा लॉजमध्ये आधी विचारून परवानगी घ्यावी.

पहिल्या दिवशी पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी या मार्गाने हैदराबाद गाठावे. शहरात न शिरता मेडचलजवळून बाह्य वर्तुळाकार रस्त्याने शमशाबादकडे निघावे आणि शादनगरच्या आसपास थांबावे. दुसऱ्या दिवशी कर्नूलहून महामार्ग सोडून नंद्यालमार्गे कडप्पा. तिसऱ्या दिवशी चित्तूर व वेल्लोर करून तिरुवण्णामलै. या टप्प्यावर ‘आलोच आहोत तर बालाजीही करू’ असा आग्रह निघणारच. तिरुमलाचे दर्शन जाता जाता होत नाही. त्याला रीतसर आगाऊ नोंदणीसह परतीचा एक संपूर्ण दिवस द्यावा, अन्यथा सगळे वेळापत्रक कोलमडते. तिरुवण्णामलैचा मुक्काम पौर्णिमेला येणार नाही हेही पाहावे, कारण त्या रात्री गिरिप्रदक्षिणेसाठी प्रचंड गर्दी असते. सीमेलगतच्या आपल्या गावांत तेलुगू बोलणारे कोणी ना कोणी असते, त्यांचा चित्तूरपर्यंत मोठा उपयोग होतो. पुढे तमिळ मुलखात मात्र पत्ते तमिळमध्ये लिहून घेतलेले बरे.

चौथ्या दिवशी सकाळी लागणारा जिंजीचा किल्ला मराठी कुटुंबाने चुकवू नये. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये तो घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्याला तोंड देत १६९८ पर्यंत येथून राज्य चालविले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव. किल्ल्यातील राजगिरी या टेकडीची चढण उन्हाआधी करावी. ज्यांना चढता येत नाही त्यांनी पायथ्याचा कल्याण महाल पाहावा. येथून पुदुच्चेरी सुमारे सत्तर किलोमीटर आहे, आणि इतिहासाचा धागाही तेथवर जातो: १६७४ मध्ये तेथे फ्रेंच वखारीचा पाया घालणाऱ्या फ्रान्स्वा मार्टिनची रोजनिशी मराठ्यांच्या दक्षिणेतील हालचालींचे एक महत्त्वाचे साधन आहे.

पुदुच्चेरीत ट्रॅव्हलर जुन्या वस्तीत नेऊ नये. गल्ल्या अरुंद आहेत आणि समुद्रालगतचा रस्ता संध्याकाळी वाहनांसाठी बंद होतो. मुक्काम शहराबाहेर घेऊन गाडी तेथेच ठेवावी व रिक्षाने यावे. कालव्याच्या एका बाजूला फ्रेंच वस्ती आणि दुसऱ्या बाजूला तमिळ वस्ती, अशी शहराची मांडणी पायी फिरतानाच कळते. मनकुळ विनायगर मंदिर, गांधी पुतळा, जुना दीपस्तंभ आणि अरविंद आश्रम एका सकाळीत होतात. आश्रमात मोबाईल बंद ठेवून शांतता पाळावी लागते आणि तीन वर्षांखालील मुलांना आत सोडत नाहीत, म्हणून दोन गट करावेत. येथील फ्रेंच सत्ता १ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रत्यक्षात संपली, परंतु कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी झाले, हे मुलांना तेथेच सांगावे. दुसरा दिवस शहराजवळच्या ऑरोविल या आंतरराष्ट्रीय वसाहतीसाठी ठेवावा. तेथील मातृमंदिर हे ध्यानगृह लांबून पाहण्यासाठी अभ्यागत केंद्रातून पास मिळतो, आत बसायचे असल्यास आधी नोंदणी लागते.

समुद्राबाबत कडक राहावे. मुख्य किनाऱ्यावर मोठे दगड असून बराचसा भाग स्नानासाठी नाही. वर्धा-पैनगंगेत पोहणाऱ्या तरुणांना लाटांची भीती वाटत नाही, पण ओढ माणसाला आत नेते. तिच्याविरुद्ध हातपाय मारून दम घालविण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे लागते. मुलांना गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ देऊ नये.

परतीपूर्वी टाकी पुदुच्चेरीतच भरावी, कारण डिझेल तेथे साधारणतः तमिळनाडूपेक्षा स्वस्त असते. तेथील दारू मात्र कोणीही, चालकानेही, गाडीत ठेवू नये. सीमेवर तपासणी होते. गावी पोहोचल्यावर किलोमीटरचा आकडा चालकासमोर लिहून घ्यावा, फास्टॅगचे टोल मोबाईलवरील नोंदींशी ताडून पाहावेत आणि मगच उरलेले भाडे चुकते करावे.