विश्वामित्रीचे पूरसंरक्षण रखडले असेल तर पाठपुरावा कसा करावा

ऑगस्ट २०२४ च्या पुरात वडोदऱ्यात काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. पाणी ओसरल्यावर आमच्या शेजारच्या काकूंच्या भिंतीवर चिखलाची जी रेघ राहिली, तिच्यावर त्यांनी अजून रंग चढू दिलेला नाही. तिच्याखाली पेन्सिलीने तारीख लिहिलेली आहे. अशी रेघ आपल्याही घरी असेल तर टेप लावून तिची उंची मोजावी, टेपसकट फोटो काढावा आणि तो पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडावा. ‘आमच्याकडे पाणी भरते’ असे लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. पाणी किती फूट किती इंच चढले हे लिहिले, तर त्याची नोंद घ्यावी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. पूरसंरक्षणाची आठवण आपल्याला जूनमध्ये होते, पण तोवर त्या वर्षाचा निकाल लागून गेलेला असतो. नदीपात्रातले आणि कांसांमधले, म्हणजे नैसर्गिक नाल्यांमधले, खोदकाम पावसाळा संपल्यावरच हाती घेता येते. त्यातच विश्वामित्रीतल्या मगरींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्या काठच्या मातीत अंडी घालतात, त्यामुळे त्या काळात काठ उकरताना फार जपावे लागते. यात मगरींना दोष देणे मला मुळीच पटत नाही, कारण त्यांचे वेळापत्रक सर्वांना आधीपासून ठाऊक असते. म्हणूनच नोव्हेंबरात निघायला हवी ती निविदा फेब्रुवारीत निघाली, तर तीन महिन्यांचा वाटणारा उशीर प्रत्यक्षात आणखी एका पावसाळ्याचा ठरतो. २०२५ मध्ये शहरातल्या सुमारे २४ किलोमीटर पात्राच्या कामासाठी १०० दिवसांचे उद्दिष्ट ठेवले गेले, यावरून हाती उरणारा वेळ किती थोडा असतो ते कळेल. माहिती अधिकाराखालचा आपला पहिला अर्ज दिवाळी आटोपताच जावा, म्हणजे अंदाजपत्रकाची चर्चा सुरू होण्यापूर्वी उत्तर हाती येऊ शकते.

अर्ज कोणाकडे करायचा हे आधी ठरवावे. शहरातले नदीपात्र, भुखी कांस, मसिया कांस यांसारखे नैसर्गिक नाले आणि आजवा जलाशयाचे ६२ दरवाजे यांविषयी महानगर सेवा सदनाला, म्हणजे महापालिकेला, विचारावे. विश्वामित्री खाली जिला मिळते त्या ढाढर नदीविषयी राज्याच्या जलसंपत्ती विभागाला, तर महामार्ग व रेल्वे यांखालच्या मोऱ्यांविषयी त्या त्या केंद्रीय कार्यालयाला. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे बंधनकारक आहे, तरीही प्रत्येक कार्यालयासाठी स्वतंत्र अर्ज केलेला बरा. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत असावा लागतो. राज्याच्या कार्यालयांत त्याचे शुल्क २० रुपये आहे आणि केंद्रीय कार्यालयांत १० रुपये.

प्रश्न कसे लिहावेत, यावर मात्र एक संध्याकाळ खर्च करावी. माझ्या पहिल्या अर्जात मी ‘काम का रखडले आणि जबाबदार कोण?’ असे विचारले होते. ‘असा अभिलेख उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर एका कार्यालयातून आले आणि माझा महिना गेला. चूक माझ्या प्रश्नात होती, कारण या कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. म्हणून कागद मागावेत: प्रशासकीय आणि तांत्रिक मंजुरीची तारीख, निविदा उघडल्याची तारीख, कार्यादेशाची प्रत, काम पूर्ण करण्याची मूळ मुदत, प्रत्येक मुदतवाढ मंजूर करणाऱ्या टिप्पणीची प्रत, आजवर दिलेल्या देयकांची रक्कम. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मुदतवाढीच्या त्या टिप्पणीत अधिकाऱ्यांच्याच शब्दांत लिहिलेले असते. या तारखा एका कागदावर ओळीने मांडल्या की दोन टप्प्यांमधला काळ नजरेस येतो. मंजुरी आणि कार्यादेश यांच्यात सात महिने गेलेले दिसले, तर उशीर कुठे झाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

खोदकाम झाल्याचे सांगितले जात असेल, तर मोजमाप पुस्तकाची, म्हणजे इंजिनिअर लोक जिला एम.बी. म्हणतात तिची, प्रत मागावी. तिच्यासोबत खोदकामापूर्वीचे व नंतरचे पात्राचे आडवे छेद आणि काढलेला गाळ कुठे टाकला याची नोंदही मागावी, कारण काठावरच पसरलेला गाळ पहिल्या मोठ्या पावसात परत पात्रात येतो. कलम २(ञ) प्रमाणे कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही अधिकार आपल्याला आहे. पाहणीला चौघांनी मिळून जावे आणि पाण्याच्या कडेला उतरू नये.

अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपील अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. तिथेही निराशा झाली, तर महापालिका व राज्याच्या कार्यालयांबाबत ९० दिवसांच्या आत गांधीनगरच्या गुजरात माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते. पानांचे पैसे मागितले गेले, तर हे कलम नम्रपणे दाखवावे.

हाती आलेल्या तारखांचा तो एकपानी तक्ता आपल्या वॉर्डाच्या चारही नगरसेवकांना सर्वसाधारण सभेपूर्वी द्यावा आणि त्यांनी घेतल्याची सही आपल्या प्रतीवर घ्यावी. हाच तक्ता ‘स्वागत’ या राज्याच्या तक्रार निवारण कार्यक्रमातही मांडता येतो. त्यात मागणी एकच ठेवावी: पुढच्या टप्प्याची लेखी तारीख. ती तारीख उलटली, तर दुसऱ्याच दिवशी त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे. आमच्या सोसायटीत ते काम आता काकूच पाहतात. त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अशा तारखांभोवती लाल पेनाने गोल केलेले असतात.