पुणे–महाबळेश्वर–वरंधा: दोन दिवसांच्या सायकलफेरीची आखणी

सिंहगड आणि बोपदेव घाट अंगवळणी पडले की पुण्यातल्या सायकलस्वाराच्या तोंडी पुढचे नाव हमखास महाबळेश्वरचे येते, आणि बहुतेक जण ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याने परत येतात. त्याऐवजी कात्रज, खंबाटकी, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, तेथून आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर आणि मग वरंधा घाटाने पुन्हा देशावर येऊन भोर व कापूरहोळमार्गे पुणे अशी फेरी केली, तर अंतर साधारण ३०० किलोमीटर भरते आणि सह्याद्रीची मुख्य धार एकदा उतरावी व एकदा चढावी लागते. वाईला कृष्णा ओलांडायची, जिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोलादपूरला सावित्रीच्या काठी पोहोचायचे, जी अरबी समुद्राला मिळते. दोन्ही नद्यांचा उगम महाबळेश्वरच्याच पठारावर मानला जातो, आणि हे नकाशावर वाचणे व पायांनी अनुभवणे यांत फार अंतर आहे.

या फेरीचा विचार करताना सगळे लक्ष पसरणी घाटाकडे जाते, कारण तो नावाजलेला आहे. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर, म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत साधारण सहाशे मीटरांची चढण होते. ती दमवते, पण तिचा चढ एकसारखा आहे आणि सिंहगडाचा डांबरी रस्ता न थांबता चढणाऱ्याला ती झेपते, कारण सिंहगडाची चढण जवळजवळ तेवढ्याच उंचीची असून अंतराने कमी, म्हणजे अधिक खडी आहे. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी वरंध्यात लागते. आदल्या दिवसाचे पाय, कोकणातली दमट हवा आणि जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होणारा चढ या तीन गोष्टी तेथे एकत्र येतात. म्हणून संपूर्ण वेळापत्रक वरंध्यापासून उलटे मोजत आखावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या फेरीत मी हे केले नव्हते. मार्च महिना होता, मुक्काम महाबळेश्वरला केला होता आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून नऊ वाजता निघालो. आंबेनळीचा उतार सुखाचा गेला, पण वरंध्याच्या वाटेवरचे बिरवाडी मागे पडेपर्यंत ऊन डोक्यावर आले होते. घाटाच्या मध्यावर बाटलीतले पाणी चहाइतके कोमट झाले, बाह्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या आणि पोटरीत असा गोळा आला की पाय पेडलवरून काढता येईना. वाघजाईच्या देवळाजवळ भजीच्या टपरीवर कसाबसा पोहोचलो. तेथल्या मावशींनी भज्यांची मागणी ऐकून न घेता आधी तांब्याभर पाण्यात मीठ-साखर ढवळून दिली आणि म्हणाल्या, ‘हे पी अगोदर, भजी कुठं पळून जात नाहीत.’ तासभर तेथेच बसावे लागले आणि भोरला पोहोचेपर्यंत अंधार पडला.

तेव्हापासून मुक्काम महाबळेश्वरला न करता पोलादपूरला किंवा महाडला करतो. यामागे भूगोलाचे एक साधे कारण आहे. वरंधा घाट सह्याद्रीच्या पश्चिमेकडील उतारावर आहे, त्यामुळे सकाळी सूर्य कड्यामागे असतो आणि चढाचा बराचसा भाग उशिरापर्यंत सावलीत राहतो. सहाला पोलादपूर सोडले, तर ही सावली पदरात पडते. आंबेनळीचे गणित याच कारणाने उलटे आहे. तो उतरताना तोंड पश्चिमेकडे असते, आणि हिवाळ्यात चारनंतर मावळतीचे ऊन वळणावळणाला थेट डोळ्यांत येते, तेव्हा समोरचा खड्डा दिसत नाही. महाबळेश्वर दुपारी दोनपर्यंत सोडावे, हा नियम त्यातून येतो, आणि पुण्याहून निघण्याची वेळही त्यावरूनच ठरते. पुणे ते महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर आहे. चढासह आणि थांब्यांसह आठ ते साडेआठ तास धरले, तर स्वारगेटहून पहाटे साडेचारला निघणे भाग आहे. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पहिले दोन-अडीच तास अंधारात जातील, हे धरून पुढचा-मागचा दिवा आणि अंगावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असल्याशिवाय निघू नये.

कात्रजला बाह्यवळणाचा नवा बोगदा टाळून जुन्या घाटाने जावे आणि शिंदेवाडीला महामार्गावर उतरावे. महामार्गावर डाव्या कडेची पांढरी रेघ सोडू नये. खंबाटकीत साताऱ्याकडे जाणारी वाहने घाटाच्या रस्त्याने चढत आली आहेत आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून. आपल्याला घाटाचीच बाजू मिळते, मात्र संथ चढणारे ट्रक आणि त्यांना मागे टाकणाऱ्या मोटारी यांच्यामध्ये सापडू नये, यासाठी हा घाट शक्यतो उजाडण्याच्या सुमारास ओलांडावा. पुढे सुरूर फाट्याला महामार्ग सुटला की वाईपर्यंत जीव शांत होतो. वाईत पोटभर नव्हे, पण नीट खाऊन घ्यावे: पोहे किंवा उपमा, दोन केळी, वर चहा. मिसळ मला फार प्रिय आहे, पण पसरणीच्या आधी ती खाऊ नये.

पाचगणी ते महाबळेश्वर हा जेमतेम वीस किलोमीटरांचा तुकडा शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींनी भरलेला असतो. सुट्टी काढता येत असेल तर गुरुवार-शुक्रवार निवडावेत. हा सारा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे आणि जंगलात रानगवे आहेत. गवा रस्त्यावर दिसला तर सायकल दूरच थांबवून तो जाईपर्यंत वाट पाहावी, मोबाइल काढून पुढे सरकू नये. माकडांचा उपद्रव त्याहून जास्त आहे, म्हणून केळी हँडलच्या पिशवीत उघडी ठेवू नयेत.

आंबेनळीचा उतार सुमारे चाळीस किलोमीटरांचा आहे आणि १,३५० मीटरांहून अधिक उंचीवरून तो जवळजवळ कोकणाच्या तळाशी नेतो. येथे ब्रेक सतत दाबून ठेवण्याची सवय घातक ठरते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेला (रिमला) दाबणारे ब्रेक, असतील तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवावा, वळणात ते सोडावेत आणि रिमला हवा लागू द्यावी. प्रतापगडाच्या फाट्याजवळ पाच-दहा मिनिटे सक्तीने थांबावे. रिमजवळ बोट नेले तरी धग जाणवते, मनगटे सुटी होतात आणि ब्रेक पॅडमध्ये रुतलेला धातूचा चमकता कण चाकूच्या टोकाने काढून टाकायलाही वेळ मिळतो. तो कण राहिला तर उरलेल्या उतारभर रिमवर चर पडत जातो. डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या तबकडीला दाबणारे ब्रेक, असतील तर निघण्यापूर्वी पॅडची जाडी पाहून घ्यावी, कारण एवढ्या उतारावर झिजलेले पॅड पार संपून जातात.

सायकलीच्या बाबतीत मी एकाच गोष्टीचा आग्रह धरतो, ती म्हणजे हलका गिअर. पुढचे लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची असावी. कॅसेट बदलण्याचा खर्च गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा स्वस्त पडतो. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे बसत असतील तर तेच घालावेत. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, साखळी जोडण्याचे अवजार आणि ओआरएसची चार पाकिटे एवढे सामान खोगिराखालच्या पिशवीत मावते. आंबेनळी आणि वरंधा या दोन्ही घाटांत मोबाइलची रेंज जागोजागी जाते, तेव्हा घरच्यांना अंदाजे वेळा लिहून द्याव्यात, रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लक्षात असावा आणि एकट्याने ही फेरी करू नये.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून महामार्गाने महाडच्या दिशेने जाऊन शहराच्या अलीकडे राजेवाडी फाट्याला उजवीकडे वळावे. बिरवाडीला बाटल्या भरून घ्याव्यात, कारण त्यानंतर भरवशाची बाजारपेठ थेट भोरला आहे. वर पोहोचले की काम संपले, असे मात्र मानू नये. माथ्यापासून भोरपर्यंतचा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने वळत, चढत-उतरत जातो आणि थकलेल्या पायांना हेच छोटे चढ जड जातात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच धरावा. पावसाळ्यात या घाटांचे रूप मोहात पाडते, तरीही जाऊ नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, आणि त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ताही जागोजागी खचला. वरंधा घाट पावसाळ्यात प्रशासनाच्या आदेशाने बंद ठेवला जातो, आणि त्यानंतरही दुरुस्तीची कामे चालू असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात भोर किंवा महाडच्या पोलीस ठाण्यात दूरध्वनी करून रस्ता सुरू असल्याची खात्री करून घ्यावी.

ज्यांना पुणे–सातारा महामार्ग अजिबात नको असेल, त्यांनी सायकल गाडीतून भोरला न्यावी आणि तेथून मांढरदेवीच्या घाटाने वाईत उतरावे. अंतर बरेच घटते, पण एक कठीण चढ वाढतो. पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथे काळूबाईची यात्रा असते, ते दिवस मात्र वगळावेत.

मूळ फेरीत भोरला दुपारी एकच्या आत पोहोचता आले, तर जेवून, अर्धा तास आडवे होऊन निघावे. कापूरहोळला पुन्हा महामार्ग लागतो आणि शिंदेवाडीपासून जुना कात्रज घाट या वेळी उलट्या बाजूने चढावा लागतो. तो लहान आहे, पण २८० किलोमीटरांनंतर लहान वाटत नाही, म्हणून एक केळे आणि अर्धी बाटली पाणी त्याच्यासाठी राखून ठेवावे, आणि जुन्या बोगद्यात शिरण्यापूर्वी मागचा लाल दिवा लावावा.