ताप आलाय की ऊन लागलंय? गोठ्यातलं जनावर तापलं की मोजायचं काय आणि करायचं काय

मे महिन्यात दुपारी तीनला एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, परदेशी वाणाची) गाय पत्र्याखाली धापा टाकतेय, वैरणीला तोंड लावत नाही, अंगाला हात लावला तर भाजल्यासारखं वाटतं. सांगलीच्या आटपाडीत असो की वाळव्यात, पुढचं ठरलेलं असतं. एकजण पाण्याची नळी धरतो, दुसरा मेडिकलमधून तापाचं इंजेक्शन आणायला गाडी काढतो. हे दोन उपाय दोन वेगळ्या दुखण्यांवरचे आहेत. तापावर नळी धरली तर जनावर आणखी कुडकुडतं, आणि उन्हाच्या झटक्यावर तापाचं इंजेक्शन दिलं तर तापमान उतरतच नाही. फरक कळायला आधी डोक्यात काय चाललंय ते समजून घ्यावं लागतं.

मेंदूतला काटा

गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, माणूस, सगळ्या सस्तन प्राण्यांत अंगाचं तापमान सांभाळणारी व्यवस्था एकाच जागी आहे: मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात. रक्त गरम झालं की इथल्या काही चेतापेशी जोरात संदेश सोडू लागतात. कातडीकडून आणि पोटातून येणारी खबरही इथंच पोचते. त्यावरून हुकूम निघतात: कातडीच्या रक्तवाहिन्या उघडा, घाम सोडा, धाप वाढवा, किंवा उलट, वाहिन्या आवळा, केस उभे करा, स्नायू थरथरवा.

गावातल्या डेअरीचा दूध थंड करणारा बल्क कूलर डोळ्यांसमोर आणा. काटा ४ अंशांवर लावलेला आहे. कुणी तो ८ वर फिरवला तर दूध ८ अंशांवर थांबेल. मशीन बिघडलेलं नाही, ते सांगितलेलं काम करतंय. हा ताप. आता काटा ४ वरच आहे, पण एकदम चारशे लिटर गरम दूध ओतलं आणि कॉम्प्रेसरच्या जाळीत कचरा अडकलाय. मशीन जीव तोडून चालतंय आणि तरी दूध ९ वर. हा उन्हाचा झटका. पहिल्यात काटा कुणी फिरवला ते शोधायचं, दुसऱ्यात थंड व्हायला हातभार लावायचा.

काटा फिरवतं कोण? जंतूंच्या अंशांना ओळखून रक्तातल्या संरक्षक पेशी इंटरल्यूकिनसारखी रसायनं सोडतात. त्यांच्या इशाऱ्यावर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमसचा काटा वर सरकवतं. मेलोक्सिकॅम किंवा पॅरासिटामॉल ही तापाची औषधं हे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, म्हणून काटा खाली येतो. उन्हाच्या झटक्यात काटा कुणी हलवलेलाच नसतो. मग औषध खाली आणणार काय? उलट पाणी सुकलेल्या जनावराच्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो.

थर्मामीटर लावताना

कानाला हात लावून काढलेला अंदाज धरू नका. कान सांगतो तो कातडीतल्या रक्ताचा हाल, आतलं तापमान सांगतो गुदद्वारातला थर्मामीटर. पाऱ्याचा थर्मामीटर झटकून ९५ फॅरनहाइटच्या खाली आणा, टोकाला तेलाचं बोट लावा, मागच्या टोकाला दोरा बांधून त्याचा चिमटा शेपटीच्या केसांना अडकवा. हा दोरा विसरला की एखाद्या दिवशी थर्मामीटर आत तरी जातो नाहीतर शेणात फुटतो. शेपटी बाजूला धरून दोन-अडीच इंच आत सारा आणि तिरका करून आतल्या भिंतीला टेकवा. शेणाच्या गोळ्यात खुपसला तर आकडा कमी येतो. पाऱ्याला पूर्ण दोन-तीन मिनिटं द्या, डिजिटलला बीप होईपर्यंत.

कृत्रिम रेतनासाठी किंवा गाभण तपासायला नुकताच हात घातला असेल तर आत हवा शिरलेली असते, आकडा खोटा कमी दिसतो. अर्धा तास थांबा. उसाच्या गाडीला जुंपलेला बैल ओझं ओढून आला की निरोगी असूनही तापलेला असतो. सावलीत तासभर उभा राहू द्या. आणि थर्मामीटर गोठ्यात पत्र्याखाली खोचून ठेवू नका, उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेनं पाऱ्याची नळी तडकते.

मोठ्या गाईचं १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, म्हशीचं किंचित कमी, वासराचं आणि शेळीचं १०३ पर्यंत चालतं. पहाटे सगळ्यांचं कमी असतं, संध्याकाळी अंशभर जास्त.

एका आकड्यावर फसू नका

दुपारी १०५ आलं. ताप की ऊन? त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, गोठा गार असताना, पुन्हा मोजा. १०१.५ वर उतरलं असेल तर दिवसभराची उष्णता होती, रात्री निघून गेली. १०४ च्या वरच असेल तर काटा वर सरकलेला आहे. मात्र दुपारी १०६ च्या पुढे गेलं आणि जनावर डुलतंय, तर पहाटेची वाट बघायची नाही. थंड करायला लागा.

जनावराकडे नीट बघितलं तरी बरंच कळतं. ताप चढत असताना मेंदूला शरीर थंड वाटत असतं. म्हणून कान, शिंगाचं बूड आणि खुरांच्या वरचा भाग गार लागतो, अंगावर काटा उभा राहतो, मांड्या थरथरतात, जनावर सावली सोडून उन्हाकडे सरकतं. आणि थर्मामीटर मात्र १०५ दाखवतो. ताप पूर्ण चढला की थरथर थांबते आणि कानही गरम होतात, तेव्हा ही खूण उपयोगाची राहत नाही. ऊन लागलेल्या जनावराची मान पुढे, तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार लोंबते, थरथर नाही. कुशीची हालचाल मिनिटभर मोजा: तीसपर्यंत ठीक, साठच्या वर ताण, शंभरला पोचली तर घाई करा. गोठ्यातली सगळीच धापा टाकत असतील तर ऊन. एकटीच असेल तर तापाचा संशय आधी घ्या.

नाकाचा शेंडाही बघा. गाय-म्हैस-शेळीच्या मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांची जाळी असते. ओल्या नाकात गार झालेलं रक्त तिच्याभोवतून जातं आणि मेंदूकडे निघालेलं रक्त थोडं थंड करतं. दवबिंदू साठलेलं नाक म्हणजे ही सोय चालू आहे. आजारी जनावराचं नाक कोरडं पडतं.

खिल्लार आणि संकरित गाय एका मापानं मोजू नका. खिल्लारीला घाम चांगला येतो, गळ्याखाली लोंबती पोळी असते आणि अंगात तयार होणारी उष्णता कमी. सावलीतल्या खिल्लारीला १०५ आलं तर ते उन्हावर ढकलू नका.

ऊन लागलं असेल तर

सावली, मग पाणी, मग वारा. पाण्याचं खरं काम अंगावरून वाहण्यात कमी, वाळण्यात जास्त आहे. एक लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ३८ वर जाताना १८ किलोकॅलरी नेतं. तेच लिटर वाफ होताना सुमारे ५८० नेतं. ४०० किलोच्या गाईचं अंग एक अंश सेल्सिअसनं उतरवायला साधारण ३३० किलोकॅलरी लागतात. म्हणून केसांखालची कातडी भिजेपर्यंत दोन-तीन मिनिटं नळी धरा, दहा मिनिटं फुल्ल पंखा लावा, पुन्हा भिजवा. ओलं बारदान पाठीवर टाकून निघून गेलात तर ते थोड्या वेळात गरम होतं आणि वारा अडवून बसतं. बंद गोठ्यात पाण्याचं धुकं उडवणारा फॉगरही तसाच, हवा दमट करतो आणि पाणी वाळू देत नाही. जूनमध्ये कृष्णाकाठी हवा आधीच दमट असते. तिथं वाफेवर भरवसा न ठेवता भरपूर पाणी वाहतं ठेवा. दूध काढल्यावर अर्धा तास सडाची भोकं उघडी असतात, त्या वेळी पाण्याचा ओघळ कासेवर येऊ देऊ नका, कासदाहाला वाट मिळते.

म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला डुंबणं लागतंच. पण भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत. हौद किंवा नळी बरी.

दर दहा मिनिटांनी मोजा आणि १०३.५ ला थांबा. त्यानंतरही आकडा आपोआप थोडा उतरतो, पुढं ओतत राहिलात तर खाली घसरतो. पिण्याचं पाणी समोर ठेवा, पण बाटलीनं नरड्यात ओतू नका. धापा टाकणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया.

ताप असेल तर

कारण शोधा. गोचिडं आहेत, खांद्यापुढची गाठ सुजलीय, १०५-१०६ आहे: थायलेरियाचा (गोचिडतापाचा) संशय. एकाएकी लंगडायला लागली: तिवा (तीन दिवसांचा ताप). पावसाळ्यात घशाखाली सूज आणि श्वासाची घरघर: घटसर्प, काही तासांतही हातचं जनावर जातं, डॉक्टरांना लगेच बोलवा. ताप उतरवणारं औषध स्वतःहून आधीच टोचलं तर डॉक्टर येईपर्यंत आकडा खोटा होतो. द्यायचंच झालं तर मेलोक्सिकॅम, डॉक्टरांनी वजनावर सांगितलेल्या मात्रेत. जनावरांसाठीचं वेदनाशामक डायक्लोफिनॅक २००६ मध्येच बंद झालं, केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये, कारण ही औषधं टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती. आणि घरच्या मांजराला माणसाची पॅरासिटामॉल कधीच नको, एका गोळीनंही जीव जातो.

नाव ऐकून सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘मिल्क फिव्हर’चा. त्यात ताप नसतोच. व्याल्यावर पहिल्या तीन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम घसरतं, गाय बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार आणि थर्मामीटर शंभराच्या खाली. तिच्यावर थंड पाणी ओतू नका. कॅल्शियमची बाटली शिरेतून डॉक्टरांनाच लावू द्या. भराभर गेली तर हृदय थांबतं.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ ला फोन लावा. ‘गाय आजारी आहे’ एवढ्यावर समोरच्याला काही समजत नाही. असं सांगा: ‘साहेब, एचएफ, व्याल्याला दोन महिने झाले. काल दुपारी चारला १०५.२, आज पहाटे सहाला १०४.४. श्वास मिनिटाला ४०. काल रात्रीपासून रवंथ नाही. गोचिडं आहेत, औषध काही दिलेलं नाही.’