ॲप आपोआप बंद होऊन रायलं? आधी 'क्लिअर डेटा'वरचं बोट काढा

तालुक्याच्या बसस्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात वावराचे फोटो काढून ॲपमधे पीक नोंदवायचे दिवस आले की रोज सकाळी कोणीतरी येऊन सांगतं, "भाऊ, ॲप उघडलं की आपोआप बंद होऊन रायलं." त्याचं काही नाही, ते दुरुस्त होतं. पण पुढचं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. "पोट्ट्यानं क्लिअर डेटा करून पाह्यलं, तरी तेच."

दोन वर्षांआधी एक काका आले, गुडघ्यापर्यंत काळा चिखल वाळलेला. त्यांचे चार तुकडे नाल्यापलीकडे, दोन सोयाबीनचे, एक तुरीचा, एक पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, आणि तिकडे नेटवर्क नाही. त्यांनी सकाळपासून फिरून तीन वावरांचे फोटो काढले, नोंद ॲपमधे सेव्ह केली, अपलोड घरी येऊन करू म्हणाले. चौथ्या वावरात कॅमेरा उघडला की ॲप बंद, पुन्हा उघडला की पुन्हा बंद. घरी आल्यावर पुतण्यानं कुठलातरी व्हिडिओ पाहून सेटिंगमधे जाऊन क्लिअर डेटा दाबलं आणि ॲप एकदम कोरं झालं, तिन्ही वावरांची नोंद गेली, ओटीपीपासून पुन्हा सुरुवात. आणि एवढं करूनही कॅमेरा उघडला की बंदच!

मी फोन हातात घेऊन पहिले स्टोरेज पाहिलं. ३२ जीबीचा फोन, त्यात १४० एमबी शिल्लक. एवढ्या कमी जागेत ॲपला काम करता येत नव्हतं, एवढीच बिमारी होती. जागा केली, ॲप सुरळीत चाललं, पण गेलेली नोंद काही मला परत आणता आली नाही. त्या रात्री पाऊस झाला, नाला दोन दिवस उतरला नाही, मग काकांनी पुन्हा चारही वावरं तुडवली. तेव्हापासून हे बटण कोणी न विचारता दाबलं की मी स्पष्ट रागावतो, गिऱ्हाईक असो की भाचा.

क्लिअर कॅश आणि क्लिअर डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅश म्हणजे ॲपनं सोयीसाठी काढून ठेवलेली तात्पुरती फाईल, ती पुसली तर ॲप पुन्हा बनवतं. डेटा म्हणजे तुमचं लॉगिन, सेव्ह केलेले फॉर्म, अपलोड न झालेलं सगळं. व्हॉट्सॲपचा डेटा पुसला आणि बॅकअप नसला तर चॅट गेल्या. काही फोनमधे खाली 'क्लिअर डेटा' एवढंच दिसतं, ते दाबलं की आत दोन पर्याय येतात, तिथं घाई करू नका, कॅशवालाच निवडा.

आता जागेचं, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त फोनची बिमारी हीच निघते. लोक सांगतात की भाऊ, मी तर फोटो डिलीट केले. केले ना, पण ते कचराडब्यात गेले, गूगल फोटोजच्या ट्रॅशमधे फोटो ३० ते ६० दिवस पडून राहतात आणि फोनमधे असलेले तितके दिवस जागाही खातात. ट्रॅश रिकामा करा. दुसरं, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा, ५ एमबीच्या वरच्या फाईल आणि खूपदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ वेगळे दिसतात, गावच्या ग्रुपचेच कितीतरी जीबी निघतात. ऑटो डाउनलोड बंद करा. मी स्वतःच्या फोनमधे ३ जीबी कायम रिकामे ठेवतो, त्याच्या खाली गेलं की त्याच दिवशी साफसफाई.

रॅम बूस्टर, फोन क्लीनर असले ॲप टाकू नका. ते मागं चालू असलेली ॲप बंद करतात, पण बंद केलेलं ॲप परत सुरू होतं, परत बॅटरी खातं, आणि वरून जाहिराती.

ॲप एकच बंद पडते की सगळेच, हे पाहिल्याशिवाय काहीच करू नका. एकच असेल तर फोर्स स्टॉप (सेटिंगमधून ॲप पूर्ण बंद करणं), फोन रीस्टार्ट, ॲप अपडेट, क्लिअर कॅश, या क्रमानं जा. काल चालत होते आणि आज पाच-सहा ॲप एकाच वेळी पडायला लागले तर प्ले स्टोअरमधे अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करा. हे वेबव्ह्यू नाव कोणाला माहीत नसते, पण ॲपच्या आत वेबपान दाखवायचं काम तेच करते. मार्च २०२१ मधे त्याच्याच एका बिघडलेल्या अपडेटनं जगभरात जीमेलसकट कितीतरी ॲप बंद पडत होते, नवीन अपडेट आल्यावर थांबले. तेव्हाही ज्यांनी घाईनं फोन फॉरमॅट मारला त्यांचा डेटा फुकट गेला.

स्क्रीन बंद केली की गाणं किंवा लोकेशन थांबते? बॅटरी सेव्हर. त्या ॲपपुरता काढा, ऑटोस्टार्ट (ॲपला आपोआप सुरू होऊ देणारं सेटिंग) चालू करा.

उन्हाळ्यात वेगळंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि फोन ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेला, मग कॅमेरा बंद होणारच, फोन स्वतःला वाचवते. आयफोनची कंपनीच फोन वापरायला ० ते ३५ डिग्री सांगते. सावलीत ठेवा, कव्हर काढा, चार्जिंग काढा. फ्रिजमधे ठेवू नका, आत पाणी धरतं.

आणि ग्रुपवर आलेली एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाईल, टाकू नका, पीएम किसानच्या नावानं आली तर अजिबातच नाही. तशा खोट्या फाईल फिरतात, त्या मेसेज आणि ओटीपी वाचतात. टाकली असेल तर पहिले इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

ॲप अनइन्स्टॉल करायचंच असलं तर आधी आत जाऊन 'अपलोड बाकी' काही आहे का पहा. ॲप उघडतच नसेल तर थांबा आणि फोन तसाच दुकानात आणा. येताना 'ॲप वारंवार थांबत आहे' असा जो मेसेज येतो त्याचा स्क्रीनशॉट काढा, कोणत्या दिवसापासून सुरू झालं ते आठवा, आणि गूगल आयडीचा पासवर्ड ज्या पोराला माहीत आहे त्याला सोबत घेऊन या.